धारवाडचा पोरगा आणि शाळेची चावी

गेल्या महिन्यात वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय वेगळाच होता, पण बोलता बोलता गाडी इंग्रजांवर घसरली आणि आवाज चढले. एक मित्र म्हणाला, "इंग्रज आले म्हणून आपण शिकलो. नाहीतर अजून गळ्यात मडकं असतं." दुसरा कॉलेजात जाणारा. तो म्हणाला, "इंग्रजांनी शाळा काढल्या त्या कारकून पैदा करायला. त्यांचे कसले उपकार मोजतोस?" दोघंही आपलेच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य. पण दोघांकडेही साल नव्हतं, आकडा नव्हता, कागद नव्हता. माझ्याकडेही नव्हता, म्हणून मी गप्प बसलो.

तेव्हापासून पाळी सुटल्यावर वाचनालयात जे हाती लागलं ते वाचत गेलो. जोतीबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं दिलेलं निवेदन वाचलं. बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढं ठेवलेलं निवेदन वाचलं. आणि कळलं की आपलं हे भांडण या दोघांनी कधीच सोडवून ठेवलंय. आपण वाचत नाही, एवढाच घोळ. मी इतिहासकार नव्हे. सूतगिरणीतला कामगार आहे. शाळा अर्ध्यावर सुटली, पुढचं माझं मीच शिकलो. तेव्हा चुकलंमाकलं तर कान धरा. पण शाळेच्या दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे समजायला डिग्री लागत नाही.

*

सुरुवात कोरेगावपासून करू. १ जानेवारी १८१८. कंपनीच्या पलटणीत महार शिपाई लढले. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. नवं सरकार आलं. या सरकारने दख्खनमध्ये विद्येसाठी पहिलं मोठं काम काय केलं? १८२१ साली पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पेशवे ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, त्या दक्षिणेच्या पैशातून. शिकवायला शास्त्री, शिकायला ब्राह्मणांची पोरं. ज्या शास्त्राने आमच्या कानात शिसं ओतायला सांगितलं, ते शास्त्र शिकवायला कंपनी सरकारचा पैसा. रक्त सांडलं कुणी आणि पाठशाळा कुणाला?

साहेबाने हे काही भक्तीपोटी केलं नाही. ज्यांच्या हातून राज्य गेलं त्यांनी उलटू नये, म्हणून त्यांना गोंजारलं. राज्य चालवायचं म्हणजे कुणाला गोंजारायचं आणि कुणाला गृहीत धरायचं, एवढा हिशेब. त्या हिशेबात आम्ही दुसऱ्या रकान्यात.

हा हिशेब लेखी सापडतो. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. माणूस अडाणी नव्हता, शिक्षणाचा कैवारी म्हणून त्याची ख्याती. १८२३-२४ सालच्या शिक्षणावरच्या टिपणात तो काय म्हणतो, त्याचा मथितार्थ असा: मिशनऱ्यांचा अनुभव आहे की सगळ्यांत खालच्या जातीतली पोरं चांगली शिकतात. पण त्यांना खास उत्तेजन देताना जपून राहावं. या जाती नुसत्या तिरस्कृत नाहीत, संख्येनेही थोड्या आहेत. आपली शिक्षणपद्धती आधी यांच्यात रुजली तर ती पुढं पसरणारच नाही. बाकीचे लोक तिचा द्वेष करतील.

मित्रांनो, हे नीट वाचा. आमची पोरं शिकू शकत नाहीत असं साहेब म्हणत नाही. उलट चांगली शिकतात असंच म्हणतो, आणि तरीही थांबा म्हणतो. आमच्या मनुवाद्यांनी आमच्या डोक्यात बुद्धीच नाही असं सांगितलं. साहेबाने बुद्धी आहे हे मान्य करून दार लोटून घेतलं. यातलं जास्त वाईट कुठलं ते तुम्हीच ठरवा.

*

त्यानंतर आला झिरपण्याचा सिद्धांत. वरच्या वर्गाला शिकवा, मग विद्या आपोआप झिरपत झिरपत खाली जाईल. मेकॉलेचं १८३५ चं टिपण सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण मुंबई इलाख्यातले अधिकारीही त्याच वाटेने चालले होते. १८४० साली इलाख्यात शिक्षण मंडळ आलं, त्याचंही मन वरच्या शाळांत जास्त रमलं.

झिरपणं म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवू नये. आमच्या आज्या पाणवठ्याच्या खाली रिकामी घागर घेऊन उभ्या राहायच्या. वरून कुणाला दया आली तर पाण्याची धार पडायची, नाही आली तर दिवस कोरडा. विद्येचंही तेच व्हायचं होतं.

वाट न बघता हात घातला तो जोतीबा आणि सावित्रीमाईने. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा. १८५२ च्या सुमाराला महार-मांगांच्या पोरांसाठी शाळा. त्यांच्याच शाळेतली मातंग समाजाची मुक्ता साळवे. तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेत जाऊन तीनच वर्षं झालेली पोर! झिरपण्याची गरज नाही, थेट ओतलं की काय उगवतं याचा हा पुरावा सरकारच्या डोळ्यासमोर होता.

दरम्यान विलायतेत धोरण बदललं. १९ जुलै १८५४ चा वुडचा खलिता. त्यात कंपनीच्या वरिष्ठांनी कबूल केलं की आजवर वरच्या वर्गाकडे जास्त लक्ष गेलं, आता बहुजनांच्या शिक्षणाकडे बघितलं पाहिजे. प्रत्येक इलाख्यात शिक्षण खातं काढा, खाजगी शाळांना अनुदान द्या, मोठ्या शहरांत विद्यापीठं काढा. प्राथमिकपासून विद्यापीठापर्यंतची पूर्ण शिडी कागदावर तयार झाली. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खातं आलं आणि क्लॉडियस अर्स्किन त्याचा पहिला डायरेक्टर झाला.

आता बघू, या शिडीच्या पहिल्या पायरीवर आपल्यातला एक जण पाय ठेवायला गेला तेव्हा काय झालं.

*

जून १८५६. धारवाड. आज कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात. एका महार पोराने सरकारकडे अर्ज केला की मला इथल्या सरकारी शाळेत घ्या. एवढंच. पैसा मागितला नाही, जमीन मागितली नाही. बसायला जागा आणि पाटी.

त्या अर्जावर अख्खं सरकार विचारात पडलं. २१ जुलै १८५६ ला मुंबई सरकारचा ठराव निघाला. बाबासाहेबांनी तो सायमन कमिशनपुढं जसाच्या तसा ठेवला, म्हणून तो आपल्याला माहीत. ठरावाचा आशय असा: प्रश्न मोठा अडचणीचा आहे. न्यायाचं म्हणाल तर तो तत्त्वतः या महार अर्जदाराच्या बाजूने आहे, यात शंका नाही. पण एकदोघांसाठी युगानुयुगांच्या समजुतीत एकदम हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचंच मोठं नुकसान होईल. शिवाय अर्जदाराला जो त्रास आहे तो काही या सरकारने निर्माण केलेला नाही. तेव्हा सरकार मध्ये पडू शकत नाही.

मी हा ठराव चार वेळा वाचला. त्यातलं सगळ्यात भयंकर काय असेल, तर न्याय तुझ्या बाजूने आहे ही कबुली. न्याय तुझ्या बाजूने, शाळा त्यांच्या बाजूने. आणि 'हा त्रास आम्ही निर्माण केला नाही' ही सफाई. सतीची चाल तरी सरकारने कुठं निर्माण केली होती? तरी १८२९ साली कायदा करून बंद केलीच ना? म्हणजे युगानुयुगांच्या समजुतीत हात घालायचा नाही असा काही नियम नव्हता.

प्रकरण कलकत्त्याला पोचलं. जानेवारी १८५७ मध्ये गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलकडून उत्तर आलं. मुंबई सरकारने बहुधा शहाणपणाच केला असेल, पण बंगाल इलाख्यातल्या कुठल्याही सरकारी शाळेत या मुलाला नकार मिळाला नसता, असा त्याचा सूर. साहेबी भाषेतली थप्पड. पण थप्पड मारून पोरगा शाळेत बसला असं नाही झालं.

पुढं एप्रिल १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांनी बजावलं की सरकारी शाळा सगळ्या वर्गांना खुल्या आहेत आणि हे तत्त्व सोडता येणार नाही. मग मुंबई सरकारने धोरण जाहीर केलं. ज्या शाळा पूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात त्या सर्वांना खुल्या. ज्या शाळांना सरकारची अंशतः मदत आहे त्यांनी जातीवरून कुणाला नाकारलं तर मदत बंद करण्याचा हक्क सरकार राखून ठेवतं.

इथं खरी मेख आहे. पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळा किती? मोजक्या. बाकीच्यांना लोकवर्गणी, स्थानिक निधी, कुणाची जागा, कुणाचा वाडा. बऱ्याच गावांत शाळा देवळात, धर्मशाळेत किंवा चावडीत भरायची. ज्या देवळाची पायरी चढता येत नाही त्या देवळात शाळा. मग 'खुली' म्हटलं काय आणि न म्हटलं काय! आणि राखून ठेवलेल्या हक्काचं म्हणाल, तर जातीवरून पोरांना नाकारणाऱ्या संस्थांना अनुदान नाही असा ठराव मुंबई सरकारने १९२३ साली काढला. धारवाडच्या अर्जाला तेव्हा ६७ वर्षं झाली होती. त्या पोराचा नातूसुद्धा तोवर शाळेच्या वयाबाहेर गेला असेल.

आणि ज्या १८५७ मध्ये धारवाडच्या कागदाला कलकत्त्याहून उत्तर आलं, त्याच १८५७ च्या जुलैत मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. १८६२ मध्ये त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले. रानडे, भांडारकर, मोडक, वागळे. विद्वान माणसं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण इमारतीचा कळस आधी चढला आणि पाया नंतर बघू म्हणाले, ही गोष्ट नोंदवून ठेवा.

*

आता पैशाकडे येऊ. कारण नुसतं सोवळं-ओवळं म्हणून भागत नाही. शाळेचा खर्च कोण देत होतं आणि खात कोण होतं?

१८६३ पासून मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली. लोकल फंड म्हणतात तो. १८६९ साली तिला कायद्याचं बळ आलं. या आण्याचे तीन वाटे करून दोन रस्ते वगैरेंना आणि एक शाळांना. म्हणजे गावची प्राथमिक शाळा गावच्या शेतकऱ्याच्या घामावर. शूद्र कुणबी, माळी, धनगर आणि वतनाच्या तुकड्यावर राबणारा महार, यांच्या घामातून सारा निघायचा आणि साऱ्यावरून ही पट्टी. वरची कॉलेजं मात्र सरकारच्या मुख्य तिजोरीतून. ती तिजोरी तरी कशाने भरायची? त्याच साऱ्याने.

१८८२ मध्ये हंटर कमिशन आलं आणि जोतीबांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. १९ ऑक्टोबर १८८२ चं त्यांचं निवेदन प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलं पाहिजे. त्यात शिव्याशाप नाहीत. हिशेब आहे. सरकार शिक्षणासाठी म्हणून पट्टी वसूल करतं आणि ज्यासाठी वसूल करतं त्यावर खर्च करत नाही. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कसलीच सोय नाही. महार-मांगांना तर सोवळ्यामुळं सगळ्याच शाळा बंद. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत त्या फक्त मोठ्या शहरांत. पुण्यासारख्या ठिकाणी त्यांची वस्ती पाच हजारांवर, तर शाळा एक, आणि तिच्यात तीस पोरंसुद्धा नाहीत.

मग मागण्या. बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. महार-मांगांसाठी वेगळ्या शाळा जास्त काढा. मास्तर शेतकरी वर्गातून तयार करा, जो पोरांत मिसळेल आणि वेळ पडली तर नांगर धरील. त्याचा पगार बारा रुपयांच्या खाली नको. अभ्यासात मोडी, बाळबोध, हिशेब यांच्याबरोबर शेती आणि आरोग्य ठेवा. आणि एक मागणी, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. प्राथमिक शाळा म्युनिसिपालट्या आणि स्थानिक कमिट्यांच्या ताब्यात देऊ नका. शिक्षण खात्याकडेच ठेवा.

ही शेवटची मागणी का? जोतीबा स्वतः पुणे म्युनिसिपालटीत बसलेले. स्थानिक कारभार म्हणजे कुणाचा कारभार हे त्यांनी जवळून बघितलं होतं. कारभार गावाकडे म्हणजे पाटील-कुलकर्ण्याकडे, आणि शाळेची चावी त्यांच्या करगोट्याला.

कमिशनने काय केलं? जातीवरून सरकारी शाळेत कुणाला नाकारू नये, हे तत्त्व पुन्हा एकदा उच्चारलं. सक्ती मान्य केली नाही. आणि प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या व म्युनिसिपालट्यांच्या हवाली करायची शिफारस केली. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात तशी व्यवस्थाही उभी राहिली. म्हणजे जोतीबांनी जे नको म्हटलं, तेच झालं.

त्या वर्षीचे, १८८१-८२ चे आकडे बाबासाहेबांनी आपल्या निवेदनात दिलेत. मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळेत ब्राह्मण विद्यार्थी ६३,०७१. खालच्या जातींचे २,८६२. म्हणजे शंभर विद्यार्थ्यांत आमचा एकसुद्धा पुरा नाही. मिडल स्कूलमध्ये आमचे १७. हायस्कुलात शून्य. कॉलेजात ब्राह्मण २४१, आमचा आकडा शून्य. वुडच्या खलित्याला तेव्हा २७ वर्षं झाली होती. सत्तावीस वर्षं झिरपून शून्य.

*

दार बंद, हा पहिला टप्पा. दुसरा टप्पा व्हरांड्याचा.

१८९० नंतरचा काळ. दापोलीला महार फौजी पेन्शनरांची वस्ती होती. ही माणसं पलटणीत शिकलेली. पलटणीच्या शाळेची गोष्ट मुद्दाम सांगतो. गावात सरकारला सोवळं मोडता येत नव्हतं, पण आपल्या शिपायाला हुकूम वाचता आला पाहिजे म्हटल्यावर तेच सरकार महारालाही शिकवत होतं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. म्हणजे सरकारला गरज होती तिथं धर्म आडवा आला नाही. गरज आमची होती तिथं मात्र आला.

तर या पेन्शनरांनी आपल्या पोरांना दापोलीच्या म्युनिसिपल शाळेत घ्यावं म्हणून १८९२ पासून अर्जांवर अर्ज केले. सरकारचेच नियम त्यांनी सरकारपुढं ठेवले. भांडून भांडून पदरात काय पडलं? पोरांना व्हरांड्यात बसायची परवानगी. मास्तर आत, फळा आत, पोरं बाहेर. पावसाळा कोकणातला.

आणि तिसरा टप्पा गोणपाटाचा. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्यात भीमराव नावाच्या पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरात लागलं. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. घरून नेलेलं गोणपाट, शिपाई असेल तर पाणी आणि नसेल तर तहान. मी ती पुन्हा सांगत नाही. मला फक्त एवढंच दाखवायचंय की दारापासून व्हरांड्यापर्यंत आणि व्हरांड्यापासून वर्गाच्या कोपऱ्यातल्या गोणपाटापर्यंत यायला आम्हाला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. त्यातलं प्रत्येक पाऊल कुणीतरी अर्ज करून, भांडून, मार खाऊन टाकलेलं आहे. सरकारने आपणहून टाकलेलं पाऊल त्यात मला सापडलं नाही.

१९०७ साली हाच भीमराव मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. ज्या एल्फिन्स्टनने जपून राहा म्हटलं होतं, त्याच्याच नावाची शाळा. काळाने उगवलेला हा सूड बघून मी वाचनालयात एकटाच हसलो.

*

आता आमच्या गिरणीवाल्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. १८८१ साली फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या पोराला कामाला लावू नये आणि सात ते बारा वर्षांच्या पोराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, असं त्यात होतं. १८९१ मध्ये सुधारणा झाली. नऊ ते चौदा वर्षांचं पोर, सात तास. भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या लावायच्या, तुटलेला धागा सांधायचा. ज्या कामाला लहान बोटं लागतात ते काम. मी आज साच्यावर उभा राहतो तेव्हा ती बोटं मला दिसतात.

म्हणजे पोराने गिरणीत किती तास राबावं याचा कायदा १८८१ मध्ये झाला. पोराने शाळेत जावं याचा कायदा मुंबई इलाख्यात केव्हा झाला? १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने. तोही मर्जीचा. म्युनिसिपालटीला वाटलं तर तिने सक्ती करावी. मुंबई शहर त्यातून वगळलं होतं, शहराचा कायदा १९२० चा. मधल्या काळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीचं विधेयक आणलं होतं. तेही मर्जीचंच. तरी मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पाडलं. पैसा नाही, ही सबब होतीच.

पैसा नाही? शेजारच्या संस्थानांत कुठून आला? बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली तालुक्यात सक्ती केली आणि १९०६ ला सबंध राज्यात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सर्वांच्या शाळेत घ्या असा हुकूम काढला. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्यांना परवडेना, आणि कोल्हापूरला परवडलं.

*

१९२७. बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात आले. मार्चमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. पुन्हा हिशेबच. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांवर वसूल करतं. शाळेत गेलेल्या शंभर पोरांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात. बाकीची पुन्हा निरक्षर होतात. आर्ट्स कॉलेजांचा शेकडा ३६ खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून काढला जातो, हा शिक्षणाचा धंदा झाला. हा शब्द आज नवा वाटतो, पण बाबासाहेबांनी तो तेव्हाच वापरलाय.

प्राथमिक शाळेत दर हजारी प्रगत हिंदूंचे ११९ विद्यार्थी, मुसलमानांचे ९२, मधल्या वर्गाचे ३८ आणि मागासवर्गाचे १८. कॉलेजात दर दोन लाखांमागे प्रगत हिंदू १०००, मुसलमान ५२, मधले १४ आणि मागासवर्ग जवळजवळ शून्य. जोतीबांच्या साक्षीनंतर ४५ वर्षांनी तोच शून्य.

आठवडाभरातच महाडचा सत्याग्रह झाला. चवदार तळं सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्या १९२३ च्या बोले ठरावाच्या जोरावर आपण तळ्यावर गेलो, त्या ठरावात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या, हे कितीजणांना माहीत आहे? पाणी आणि पाटी एकाच ठरावात होती.

मग मे १९२८ चं निवेदन, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने. त्यातली मागणी वाचा. १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा रद्द करा, शाळा स्कूल बोर्डांच्या ताब्यात देणं थांबवा. अहो, ही जोतीबांचीच मागणी! मध्ये ४६ वर्षं गेली, आणि दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं. धोरण कितीही चांगलं असो, पट्टी कुणीही भरो, शाळेची चावी जर गावच्या सवर्णाच्या हातात असेल तर आमचा पोरगा व्हरांड्यातच.

मागण्या करूनच बाबासाहेब थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर झगडून अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारकडून शिष्यवृत्त्या मिळवल्या. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो तिची सुरुवात १९४४ ची. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, सकाळचे वर्ग, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावं. १९५० ला औरंगाबादला मिलिंद. दुसऱ्याच्या चावीची वाट बघायची नाही, आपली इमारत आणि आपलं कुलूप. आमच्या साहित्याची कितीतरी माणसं या दोन कॉलेजांतून आली.

*

तर विहारातल्या त्या भांडणाचा निकाल काय?

इंग्रजांमुळं शिकलो म्हणणाऱ्या मित्रा, तुझं अर्धं खरं. सर्वांना शाळा खुली हे तत्त्व कागदावर त्यांच्याच राज्यात आलं, पेशवाईत ते कागदावरही नव्हतं. जोतीबा आणि बाबासाहेबांनी तोच कागद हत्यारासारखा वापरला. पण धारवाडचा पोरगा विसरू नकोस. त्याला नाही म्हणणारं सरकारही इंग्रजांचंच होतं.

आणि कारकून पैदा केले म्हणणाऱ्या मित्रा, तुझंही अर्धंच. आम्हाला तर त्यांनी कारकूनही होऊ दिलं नाही. ज्यांना केलं त्यांची नातवंडं आज मेकॉलेला शिव्या घालतात आणि जुन्या पाठशाळांच्या सोनेरी गोष्टी सांगतात. त्या पाठशाळेत आपला आजा कुठं बसला असता, एवढं त्यांना विचार.

उपकार मोजायचे असतील तर त्या पोराचे मोजा. एकट्याने अर्ज केला, हरला, पण सरकारला लेखी कबूल करायला लावलं की न्याय याच्या बाजूने आहे. तो कागद बाबासाहेबांच्या हाती ७२ वर्षांनी कामी आला. अर्ज फुकट जात नाही, मित्रांनो. अर्जाची नक्कल ठेवा.

राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करायला सांगितलं होतं. हक्क म्हणून ते यायला २००२ ची घटनादुरुस्ती आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागला. जोतीबांच्या मागणीनंतर १२७ वर्षं. त्या कायद्यात खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या जागांतून सूट. म्हणजे तुमची शाळा वेगळी, आमची वेगळी. पालक कोर्टात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. बघा, पुन्हा अर्जच कामी आला.

याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. म्हणजे जी चावी जोतीबांना आणि बाबासाहेबांना गावाच्या हाती द्यायची नव्हती, तिच्यावर आता कायद्याने आपलाही हात आहे. आपल्या वस्तीतल्या शाळेच्या समितीत कोण बसतं? सभा कधी होते? आपल्या आयाबहिणींना बोलावतात का, की सही घ्यायला वही घरी पाठवतात? जयंतीची वर्गणी आपण हक्काने मागतो. तितक्याच हक्काने हे विचारायला जाऊ. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या शाळेच्या समितीची यादी लिहून आणावी. मी माझ्या वस्तीची आणतोय.

जयभीम.